घरातून कळलं

चार माणसांत मी आयुष्यात एकदाच आपणहून तोंड उघडलं, आणि त्या एका वेळी एका लेखावर चोरीचा आळ घेतला. माझं म्हणणं सगळ्यांनी मानलं. लेख जैतुनबीचा होता. चोरी झालेली नव्हती. जे तिनं लिहिलं होतं ते तिचंच होतं. ते चोरीचं दिसावं अशी तजवीजही, नीट पाहिलं तर, मीच फार आधी करून ठेवलेली होती.

हे लिहावं की नाही यात सहा वर्षं गेली. तिनं मला गप्प राहायला सांगितलं होतं. आता ती नाही. मी तिचा शब्द मोडतो आहे का, हे मला ठरवता येत नाही. मला एकूणच फारसं काही ठरवता आलेलं नाही. अदालतीत बत्तीस वर्षं नकलनवीस होतो. दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं, खाली 'अस्सलप्रमाणे नक्कल' असं लिहून सही करायची. माझ्या स्वभावाला ते काम मानवलं.

मजीद मास्तरांची आणि माझी ओळख वाचनालयात झाली. गुलमंडीच्या अलीकडे, एका वखारीच्या माडीवर आमचं मराठी वाचनालय होतं. दोन बाकं, तीन कपाटं आणि कडूबा शिपाई. मास्तर शाळेत उर्दूतून शिकवत, घरात दखनी बोलत आणि लिहीत मराठीत. कोणी कारण विचारलं की म्हणत, "ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांना वाचून दाखवावं लागतं ना!" आणि खरंच दाखवत. हिमरू कापडाचे विणकर, कागद करणारे कागदी, सोयगावच्या बाजारातले पिंजारी अशा लोकांवर ते लिहीत. कल्पनेतलं एक वाक्य घालत नसत. अक्षर मात्र असं, की कागदावरून मुंग्या पळाल्यासारख्या दिसाव्यात. म्हणून छापखान्यात द्यायची पक्की प्रत मी करून देऊ लागलो.

दर गुरुवारी संध्याकाळी मी बुढी लेनमधल्या त्यांच्या घरी जायचो. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं, आणि आतल्या दाराला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा, पडदा. पडद्यामागे जैतुनबी, मास्तरांची बायको. मी तिला भाभी म्हणायचो. पंधरा वर्षांत मी तिचा चेहरा पाहिला नाही. पडद्याखालून चहाचा कप पुढे सरकायचा तेव्हा हिरव्या काचेच्या बांगड्यांचा हात दिसायचा, तेवढाच. चहा पाकासारखा गोड असायचा. पहिल्या दिवशी 'साखर कमी' म्हणायला मी लाजलो, आणि मग पंधरा वर्षं तसाच पीत राहिलो.

मास्तर वाचून दाखवत असले की मधेच आतून आवाज यायचा. "अहो, तसं नाय ते. रीळ मांडीवर नाय ठेवत, पायाच्या अंगठ्यात धरतात. मांडीवर माझी सासू ठेवायची, तिला कुटं येत व्हतं?"

मास्तर हसत आणि ओळ खोडत. "घे बद्री. दुरुस्ती आली."

मीही हसायचो. बायकांचं बोलणं मी असंच ऐकत आलो होतो, शेजारच्या घरात भांडी लागल्याचा आवाज ऐकावा तसं. विणकरांच्या घरात आतल्या खोलीपर्यंत कोण जाऊ शकतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मास्तर तर पुरुष होते. तेही ओट्यावरच थांबत असणार.

त्यांच्या खरड्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. 'घरातून कळलं की...' त्या घरांमधली रीत अशी, की चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, 'घरातून' म्हणायचं. घरातून कळलं की रंगाऱ्याच्या बायका नीळ उतरावी म्हणून हाताला चिंच लावतात. घरातून कळलं की अमुक मोहल्ल्यात सुनेला पहिलं वर्ष मागाला हात लावू देत नाहीत. पक्की प्रत करताना मला ते खटकायचं. विद्वानाच्या ग्रंथात असं बरं दिसत नाही असं मला वाटलं. शिवाय परक्या बाईचा उल्लेख, मग तो नावाविना का असेना, बाजारात जाणाऱ्या पुस्तकात कशाला? मी प्रत्येक ठिकाणी 'चौकशीअंती असे समजते की' असं घातलं. बत्तीस वर्षांत अदालतीच्या एकाही कागदात मी शब्द बदलला नव्हता. इथं बदलला, आणि तो आदर म्हणून बदलला.

मास्तरांनी पक्की प्रत पाहिली तेव्हा विचारलं, "बद्री, ते 'घरातून' कुटं गेलं?"

"ग्रंथाला शोभत नाही, मास्तर. आणि भाभींची चर्चा लोकांत नको."

त्यांनी पान परत माझ्याकडे दिलं. मग म्हणाले, "असंल. तुला जास्त कळतं." मला जास्त कळतं असं म्हणणारा तो एकटाच माणूस होता, आणि त्याचं तेवढं चुकलं.

पुस्तक निघालं, नाव झालं. हैदराबादहून पत्रं आली. मग त्यांनी दुसरी वही लिहिली, विणकरांच्या घरातल्या बायकांच्या कामावर. तिचीही पक्की प्रत मी केली, त्याच पद्धतीनं. ती छापायला जाण्याआधी मास्तरांचा उजवा हात लुळा पडला. तीन वर्षं अंथरुणावर होते. फसली सन तेराशे सेहेचाळीसमध्ये गेले. खरडा आणि पक्की प्रत दोन्ही माझ्या पेटीत राहिली. मी ती छापायला का नेली नाही? छापखानेवाला म्हणाला होता, प्रस्तावना तुम्हीच लिहा. मला भीती वाटली.

दोन वर्षांनी वाचनालयानं मास्तरांच्या नावानं पारितोषिक ठेवलं. पुढाकार नरहरपंत वकिलांचा. एक साल सोडून एक साल, आपल्या भागाबद्दलच्या खऱ्या लिखाणाला. कविता नको, कादंबरी नको, डोळ्यांनी पाहिलेलं आणि विचारून खात्री केलेलं पाहिजे. निवडलेला लेख वाचनालय पुस्तिका करून छापणार आणि वर लेखकाचं पूर्ण नाव घालणार. समारंभाला सरकारी इजाजत लागे; ती काढायला आम्ही कचेरीत गेलो, तर प्रत्येक भाषणाचा मसुदा आधी द्या असं सांगण्यात आलं. अर्ज वाचून तिथल्या कारकुनानं विचारलं, "ये मजीद मास्टर खुद बोलेंगे क्या?" नरहरपंत गंभीरपणे म्हणाले, "ते बोलले तर आम्हालाही आनंदच होईल, जनाब."

गावात सगळे सगळ्यांचं अक्षर ओळखत. म्हणून असं ठरलं, की लेखावर नाव घालायचं नाही, एक खूण काढायची. त्याच खुणेच्या बंद पाकिटात नाव. आलेले सगळे लेख मी एकाच अक्षरात उतरवायचे आणि परीक्षकांनी माझी नक्कल वाचायची. पहिलं वर्ष निर्वेध गेलं.

दुसऱ्या वेळी, तेराशे पन्नासमध्ये, सात लेख आले. कोणी कमळ काढलं होतं, कोणी शंख. एकावर नुसती सुई होती, दोरा ओवलेली. अक्षर मोठं, एकेक वळण सावकाश काढलेलं, उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचं. ओळी पानाच्या शेवटी खाली उतरत जायच्या. मला वाटलं, कुणा शाळकरी पोराच्या हातून कोणीतरी लिहून घेतलं असावं. सव्वीस पानं होती.

पहिल्या पानापासून मला काहीतरी ओळखीचं लागत होतं. पायाच्या अंगठ्यात धरलेलं रीळ. चिंच लावलेले हात. पाचव्या पानापर्यंत मी स्वतःलाच दोष देत होतो, की म्हाताऱ्या, तुला सगळीकडे मास्तर दिसतात. अकराव्या पानाच्या तळाशी ती ओळ आली. 'रेशीम उकलताना बाई बोलत नाही. बोलली की हात चुकतो. म्हणून ज्या घरात माग आहे त्या घरातली भांडणं दिवा लागल्यावर होतात.' मास्तरांच्या दुसऱ्या वहीतली मला सर्वांत आवडणारी ओळ. जगात ती फक्त माझ्या पेटीत होती, असं मी समजत होतो.

मी लेखणी खाली ठेवली. बारावं पान उलटून पाहिलंसुद्धा नाही.

परीक्षक दोघं होते, नरहरपंत आणि निवृत्त शाळा-तपासनीस शौकतसाहेब. मी नकला पुढे ठेवून भिंतीशी उभा राहायचो. त्या दिवशी घसा साफ केला आणि म्हणालो, "मला थोडं बोलायचं आहे."

नरहरपंतांनी चष्मा काढला. "बद्रीनाथराव, तुम्ही? कडूबा, खिडक्या लावून घे रे, आज गारपीट व्हायची."

"लावतो की," कडूबा म्हणाला, "पन आधी ऐकू तर द्या, मालक. मी बी कवाच ऐकलं नाय."

मी सांगितलं. मास्तरांच्या वहीची पक्की प्रत सोबत नेली होती, ती आणि सुईचा लेख शेजारी शेजारी ठेवले. खरडा नेला नव्हता. मास्तरांचं ते अक्षर परक्यांना दाखवायला मला कमीपणा वाटला, त्यांच्या वतीनं. खरडा नेला असता तर शौकतसाहेबांच्या नजरेतून 'घरातून' सुटलं नसतं. त्यांच्या स्वतःच्या घरातली रीत तीच होती. पण माझ्या प्रतीत सगळीकडे 'चौकशीअंती' होतं.

शौकतसाहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. "उरलेली पानं वाचावीत का? पुढं कदाचित त्याचं स्वतःचं काही असेल."

"चोरीचा माल अर्धा काय आणि पुरता काय!" नरहरपंत म्हणाले. "आणि चोरावं कुणाचं? ज्याच्या नावाचं बक्षीस, त्याचंच? उघडा ते पाकीट. नाव कळू दे गावाला."

मी हात जोडले. "नको. कुणाच्या घरची अब्रू जाईल." तेवढं मी केलं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत असंही त्या क्षणी वाटून गेलं. पाकीट न उघडता कडूबानं चहाच्या शेगडीत टाकलं. मग नरहरपंतांनी सांगितलं आणि मी लेखाच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईनं, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं: 'हे लेखन मयत मजीद मास्तर यांच्या अप्रकाशित वहीतून उचलले आहे. सबब बाद.'

घरी जाताना मी चक्क गुणगुणत होतो. वाटलं, मास्तरांसाठी एक तरी गोष्ट केली.

पारितोषिक टपालखात्यातल्या एका कारकुनाला मिळालं, कन्नड गावाजवळच्या घाटातल्या जुन्या बैलवाटेवरच्या लेखाला. समारंभाला भाभी येणं शक्य नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पेढे आणि हार घेऊन मीच बुढी लेनला गेलो. दार तिच्या बहिणीच्या मुलानं, अन्सारनं उघडलं. तो गिरणीत कामाला होता, तिच्याजवळच राहायचा. खोली झाडून पुसून ठेवलेली होती. चटईवर धुतलेली चादर होती आणि आतून शेवया तुपात परतल्याचा वास येत होता.

"या भाऊ, बसा." पडद्यामागचा आवाज नेहमीपेक्षा वर चढलेला होता. "अन्सार, भाऊला पंखा दे. लई उन्हाचे आलात. मग? झाला का जलसा?"

"झाला, भाभी. फार छान झाला. मास्तरांच्या तसबिरीला हार घातला. शौकतसाहेब तर बोलता बोलता रडले."

"व्हय का. आन् बक्षीस? कोनाला म्हनता?"

मी टपालखात्यातल्या कारकुनाचं नाव सांगितलं.

"चांगलं लिवलंय?"

"बरं लिहिलंय. मास्तरांची सर नाही."

आत कढईत चमचा फिरत होता, तो थांबला. मला वाटलं, मास्तरांच्या आठवणीनं. म्हणून तिला बरं वाटावं असं काहीतरी सांगू म्हणून मी पुढे सरकून बसलो आणि म्हणालो, "भाभी, एक सांगू? एकानं मास्तरांच्या वहीतलं चोरून पाठवलं होतं. मी पकडलं. मी, चार माणसांत बोललो. लेख बाद केला."

कढई शेगडीवरून खाली उतरल्याचा आवाज आला.

"काय चोरलं म्हनता त्यानं?"

मी पाठ म्हणून दाखवलं. "रेशीम उकलताना बाई बोलत नाही. बोलली की हात चुकतो. म्हणून ज्या घरात माग आहे..."

"...त्या घरातली भांडनं दिवा लागल्यावर व्हतात," पडद्यामागून शब्द आले. मग, जरा दमानं, "आन् दिवा लागल्यावर बी ज्या घरात भांडन होत नाय, त्या घरातली बाई दिवसभर रडलेली असती. हे मास्तरच्या वहीत हाय का, भाऊ?"

नव्हतं. मी तसं म्हणालो.

"कसं असंल? ते मला मास्तर गेल्यावर कळलं. बाराव्या पानावर हाय."

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो कुठं ठेवावा ते मला सुचेना. अन्सार दोघांकडे आळीपाळीनं बघत होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. आतून ती म्हणाली, "अन्सार, शेवया वाढ भाऊला. गार व्हतील." मी त्या खाल्ल्या. काय करणार होतो? एकेक घास मोजून खाल्ला, उठलो, आणि 'येतो' म्हणायचंही विसरलो.

घरी येऊन पेटी उघडली आणि मास्तरांचे दोन्ही खरडे काढले. मुंग्यांसारखं ते अक्षर मी पहिल्यांदा उतरवण्यासाठी न वाचता नुसतं वाचलं. बायकांच्या कामाबद्दल जे जे होतं त्याच्यावर 'घरातून'. जिथं ते स्वतः ओट्यावर बसून शिकले होते तिथं 'मी पाहिलं'. इतका सरळ हिशोब त्यांनी ठेवला होता. ते बाजारात हिंडले आणि ती घराघरांत आतपर्यंत गेली. आपलं कोणतं आणि तिचं कोणतं, हे त्या माणसानं प्रत्येक पानावर सांगून ठेवलं होतं. ते मी पुसलं होतं.

दोन दिवसांनी धीर करून पुन्हा गेलो. पडद्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं, 'घरातून' खोडल्यासकट.

ती म्हणाली, "तुम्ही खोडलं व्हय? मला वाटलं, छापखान्यानं." मग हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसणं नव्हतं. "मास्तरचा हात गेला ना, तवा त्यांनी मला अक्षरं शिकवली. म्हनले, आता माझा हात तू. तीन वर्सं लागली. ते गेल्यावर पयलं पुस्तक त्यांचंच उघडलं. लिवताना ते मला सांगायचे, पानोपानी तू हायेस म्हनून. मी शोधत बसले. लई शोधलं, भाऊ. आधी तर वाटलं, मलाच अजून नीट वाचता येत नाय."

मी म्हणालो, "मी नरहरपंतांना खरं सांगतो. आजच जातो."

"नाय."

"भाभी, तुमचं नाव..."

"माझं नाव निकाहनाम्यावर हाय. ते बी काजीनं लिवलेलं. एकदा मनात आलं, आपन लिवावं आन् छापलेलं बघावं. हौस म्हना. झाली. आता तुम्ही जाऊन सांगनार, आन् लोक काय म्हननार? बक्षिसाला ज्याचं नाव, त्यानंच बायकोचं उचललं. त्यांनी तर उचललं नव्हतं. मेलेला मानूस उठून सांगायला येनार हाय का?"

"मी सांगेन. खरडा दाखवेन. दोष माझा आहे."

"तुमाला तर 'साखर कमी घाला' असं बी म्हनता आलं नाय कदी. मास्तर मला बोलले व्हते. आमी दोघं हसायचो, म्हनायचो, बगू किती वर्सं पितो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी एकदा न इचारता बोललात. आता इचारलंय तर ऐका. गप बसा."

मी गप्प बसलो. तिची आज्ञा पाळली, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं बोलायला मला मनापासून मनाई हवीच होती आणि ती तिनं आयती दिली, असंही असेल. कोणतं खरं, ते मला आजही माहीत नाही.

तिनं एकच मागितलं, तिचे कागद परत हवेत. कडूबानं कपाटातून काढून दिले. पहिल्या पानावरची माझी तांबडी ओळ पाहून मला ते तसेच नेववेना. मी तेवढं पान कोऱ्या कागदावर उतरवलं, अगदी मुळाबरहुकूम, एक अक्षर न बदलता, आणि मूळ पानाच्या वर लावून नेलं. पुढची पानं उघडण्याचा हक्क आता आपल्याला नाही असं वाटलं, ती मी वाचली नाहीत. पडद्याखालून कागद आत गेले. थोड्या वेळानं माझं पान तेवढं बाहेर आलं. त्या हातात आता बांगड्या नव्हत्या.

"हे तुमच्या अक्षरातलं नको," ती म्हणाली. "माझं वाईट हाय, तेच राहू द्या."

त्यानंतर माझे गुरुवार बंद झाले. कोणी बंद केले नाहीत, मीच गेलो नाही. पुढच्या खेपेला नजर कमी झाल्याची सबब सांगून नकला करायचंही सोडलं. अन्सारनं कन्नडला सासऱ्याच्या कापडाच्या दुकानात बसायचं ठरवलं आणि तिला सोबत नेलं, हे मला कडूबाकडून कळलं. निरोप घ्यायलाही मी गेलो नाही. रोज उठून ठरवायचो, आज जाऊ. अशात तीन महिने गेले, मग तीन वर्षं.

गेल्या साली ती तापानं गेली. बातमी माझ्यापर्यंत यायला दीड महिना लागला. मी मोटारीनं कन्नडला गेलो. अन्सार दुकानावरून धावत घरी आला, त्यानं मला मिठी मारली. त्याची बायको अख्तरी, तीही भाभीला खाला म्हणजे मावशीच म्हणायची, मला भीत नव्हती की लाजत नव्हती. डोक्यावरचा पदर सावरून समोर बसली आणि भाकरीचा आग्रह करू लागली. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "भाभींचे काही कागद होते. सव्वीस पानं. मराठीतले."

अन्सारनं बायकोकडे पाहिलं. अख्तरीनं पुढ्यातल्या भाकरीच्या टोपलीवर हात ठेवला.

"ह्याच्यात हायेत ते," ती म्हणाली. "पाऊसकाळाच्या आदी खालांनी रद्दी भिजत घातली. मेथ्या वाटल्या, लगदा केला, पातेल्यावर थापून टोपल्या केल्या. लई चांगल्या करायच्या. त्यात ते कागद टाकायला लागल्या. मी म्हनले, खाला, हे तर तुमच्या हातचं लिवलेलं हाय. तर म्हनल्या, लगदा कमी पडतोय."

टोपली जाड होती, कडा गुळगुळीत, हळदीनं सारवलेली. तिच्यात चार ज्वारीच्या भाकरी कापडाखाली होत्या. एकही अक्षर कुठं दिसत नव्हतं.

"आमच्या दोघांला मराठी वाचता येत नाय," अख्तरी म्हणाली. "खालांना इचारलं तर हसायच्या. तुमी वाचलं असंल ना, भाऊ? काय लिवलं व्हतं त्यात?"

तेव्हा मी सांगितलं. अकरा पानं मी उतरवली होती, आणि नकलनवीस माणसाच्या हातून गेलेलं सहज पुसलं जात नाही. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 'चौकशीअंती' वगैरे काही नव्हतं तिच्या लेखात; 'मी गेले', 'मला म्हणाली', 'मी पाहिलं' असंच होतं, आणि मी ते तसंच म्हटलं. पायाच्या अंगठ्यातलं रीळ. चिंच लावलेले हात. पहिलं वर्ष मागाला हात न लावू दिलेली सून, जी रात्री बोटांनी हवेत धागे ओवायची. अन्सार उंबऱ्यावर बसून राहिला, दुकानाकडे गेला नाही. अख्तरी ऐकता ऐकता चुलीवरचं विसरली. भांडणं दिवा लागल्यावर होतात, या ओळीला ती खळखळून हसली. त्यापुढची ओळ, बाराव्या पानावरची, मी भाभीच्या तोंडून ऐकली होती तशी म्हटली. तिचं हसणं थांबलं. तिनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि जरा पुढे सरकली.

"आन् पुढं?"

पुढची पानं मी कधी उलटलीच नव्हती. मी आठवतो आहे असं समजून ती थांबली.